बनी तो बनी, नाही तर बाली

परभणीबद्दल दोन म्हणी आहेत आणि त्या आम्हा परभणीकरांना शाळेत जायच्या आधीच पाठ होतात. पहिली : ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. दुसरी : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. पहिली छाती फुगवून म्हणायची, दुसरी खांदे पाडून. पहिलीत आमचं गाव थेट जगाच्या पंक्तीला जाऊन बसतं. दुसरीत ते, कुठंच काही जमलं नाही तर शेवटी जिथं यावं लागतं, ते ठिकाण होतं. गंमत अशी की दोन्ही म्हणींतून परभणीबद्दल काहीच कळत नाही. इथली काळी माती, गोदावरी, कृषी विद्यापीठ, उरूस, ऊन, यातलं काही त्यांत नाही. गावाचं नाव आहे आणि त्याचा भाव आहे, बास.

या म्हणी आठवल्या त्या मावसभावाच्या लग्नानंतर. मे महिना, पारा ४४च्या पुढं, कूलरमध्ये पाणी भरायची पाळी माझी. नवरदेव पलंगावर आडवा पडून फोन बघत होता. लग्न उरकलं होतं, पण ‘कुठं जायचं’ हे ठरत नव्हतं. ‘जगातली दहा आलिशान ठिकाणं’, ‘आयुष्यात एकदा तरी इथं जाच’, ‘कपल्ससाठी बेस्ट सात बेटं’ अशा याद्या एकामागून एक सरकत होत्या. दोन तासांनी त्यानं मान वर केली. ‘‘तू एवढं वाचत असतोस. सांग ना, बाली का मालदीव?’’

मला उत्तर आलं नाही. म्हणून त्याच्या सगळ्या याद्या मी मागून घेतल्या आणि बसून वाचल्या. कादंबरी वाचतो तशा, शब्दाशब्दाला थांबून. माझा अंदाज असा, की आज आपल्या वयाची मंडळी प्रवासाबद्दल जे काही वाचतात त्यात पुस्तकं थोडी आणि या याद्याच जास्त. मग साहित्याची समीक्षा जशी पुस्तकांची होते, तशी या याद्यांची का होऊ नये? त्या काय सांगतात, काय गाळतात, कुणाशी बोलतात, हे कुणी तरी विचारायला हवं. कारण त्यांच्या भरवशावर माणसं वर्षभराची बचत खर्च करतात.

*

आधी भाषा बघू. या याद्यांतला नमुन्याचा परिच्छेद साधारण असा असतो (हा मीच जुळवलाय, पण तुम्हाला ओळखीचा वाटेल) : निळंशार पाणी, पांढरीशुभ्र वाळू, वाऱ्यावर डोलणारी माडाची झाडं आणि फक्त तुम्ही दोघं. धकाधकीच्या आयुष्यापासून दूर, निसर्गाच्या कुशीत स्वतःला हरवून जा. सूर्यास्ताच्या साक्षीनं कँडललाइट डिनरचा अविस्मरणीय अनुभव घ्या.

आता सांगा, हे कुठलं वर्णन आहे? मालदीव? मॉरिशस? सेशेल्स? बोरा बोरा? अंदमान? कुठलंही नाव घाला, एकही शब्द बदलावा लागत नाही. परीक्षेतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’सारखं. ठिकाणाबद्दल लिहिलेल्या मजकुरातून ठिकाणाचं नाव काढलं आणि काहीच बिघडलं नाही, तर तो मजकूर त्या ठिकाणाबद्दल नव्हताच. तो आणखी कशाबद्दल तरी होता.

व्याकरणही बघण्यासारखं आहे. क्रियापदं सगळी आज्ञार्थी : जा, घ्या, अनुभवा, हरवून जा. कर्ता एकच, ‘तुम्ही’. दुसरं कुणी नाही. जेवण ‘असतं’, खोली ‘सजलेली असते’, पाणी ‘तयार असतं’. कुणी शिजवलं, कुणी सजवलं, कुणी तापवलं, हे सांगणारा शब्दच वाक्यात येत नाही. आणि गोष्ट कायम पोचल्यावरच सुरू होते. घरून निघणं, सामान, रांग, विमानतळावर अडकणं, पोट बिघडणं, भांडण, परतीचा प्रवास यातलं काही घडत नाही. पैसा येतो तो एकाच अव्ययासोबत : ‘पासून’. ‘एक लाख एकोणपन्नास हजारांपासून’. मराठीत ‘पासून’ला ‘पर्यंत’ लागतो. इथं ‘पर्यंत’ कधीच छापत नाहीत. तो नंतर तुमच्या खात्यात दिसतो.

*

‘लक्झरी’ हा शब्दही गंमतीचा. या याद्या आपल्याला तो नव्यानं शिकवतात, पण आपल्याकडं तो कधीच येऊन राहिलाय. मराठवाड्यात ‘लक्झरीनं आलो’ म्हणजे खासगी बसनं आलो. एसटीच्या लाल डब्याच्या मानानं मागं रेलणारी खुर्ची, पडदा आणि समोर टीव्हीवर चाललेला सिनेमा, ही ती लक्झरी. आता तिला ‘ट्रॅव्हल्स’ म्हणतात आणि तिच्यात झोपायची सोय आली. रोज संध्याकाळी परभणीहून या गाड्या पुण्याकडं निघतात. त्यांत स्पर्धा परीक्षेची पोरं असतात, कंपनीत सुपरवायझर झालेली, नर्सिंग शिकणारी, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया असतात.

म्हणजे आपल्या भाषेनं ‘लक्झरी’चा फार प्रामाणिक अर्थ लावला होता : आधीपेक्षा जरा कमी हाल. तिला नेहमी एक ‘आधी’ होतं. यादीतल्या लक्झरीला ‘आधी’ नसतं. तिथं ज्याला कधीच हाल माहीत नाहीत असा माणूस गृहीत धरलेला असतो.

हा गृहीत धरलेला माणूस कोण, ते शोधणं अवघड नाही. यादीत ‘वीकेंडला चटकन पॅरिस’ असं लिहिलेलं असतं. परभणीतून चटकन पूर्णा किंवा मानवत होतं. या याद्या मुळात लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकासाठी इंग्रजीत लिहिलेल्या असतात आणि मराठीत येताना शब्द बदलतात, माणूस तोच राहतो. त्या माणसाच्या खिशात असा पासपोर्ट असतो, जो दाखवला की बहुतेक दारं उघडतात. त्याला जग म्हणजे खरोखरच मेनूकार्ड आहे.

आपल्यासाठी ते तसं नाही. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा घ्यायचा तर जून २०२४पासून ९० युरो शुल्क, आणि अर्ज नाकारला तर ते परत मिळत नाही. २०२४मध्ये भारतीयांचे सुमारे १ लाख ६५ हजार अर्ज नाकारले गेले. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. आमच्याकडून म्हणजे रात्रभराची लक्झरी करून पुणे-मुंबई गाठायची. मग कागद : बँकेचे व्यवहार, पगाराच्या चिठ्ठ्या, आयकराची विवरणपत्रं. इथं आणखी एक मेख आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळं निव्वळ शेती करणारे कितीतरी जण विवरणपत्र भरतच नाहीत. वीस एकर बागायत असलेला माणूस सातबारा घेऊन उभा राहिला, तरी समोरच्या खिडकीला हवा असलेला कागद त्याच्याकडं नसतो.

उलटीकडून बघा. मालदीव जवळपास सगळ्याच देशांच्या पर्यटकांना विमानतळावर उतरल्यावर मोफत व्हिसा देतो. इंडोनेशिया उतरल्यावर पाच लाख रुपियांत देतो. आकडा ऐकून धडकी भरते, पण आपल्या रुपयांत ते तीन हजारांच्या आतबाहेर आहे. थायलंडनं नोव्हेंबर २०२३पासून आणि मलेशियानं त्याच डिसेंबरपासून भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ दिलं. म्हणून आपल्या ओळखीतली दहा जोडपी मोजली, तर बहुतेकांचे फोटो याच चार-पाच देशांतले निघतात. पावसाचं पाणी उतारानं वाहतं, तसे आपण पासपोर्टच्या उतारानं वाहतो आणि खाली पोचल्यावर म्हणतो, आम्ही निवडलं.

*

‘गाळलेल्या जागा’वाली तपासणी फार कडक वाटत असेल, तर तिचा पुरावा जानेवारी २०२४मध्ये साऱ्या देशासमोर आला. पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली, किनाऱ्यावरचे फोटो टाकले. त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी हेटाळणीच्या टिप्पण्या केल्या. तिथल्या सरकारनं त्यांना निलंबित केलं, पण तोवर इकडं बहिष्काराची हाक गेली होती. २०२३मध्ये मालदीवला सर्वांत जास्त पर्यटक भारतातून गेले होते, दोन लाखांहून अधिक. २०२४मध्ये भारत पहिल्या क्रमांकावरून खाली आला.

राजकारण बाजूला ठेवू. समीक्षेला रस याद्यांत आहे. एका रात्रीत मालदीवचं नाव गेलं आणि लक्षद्वीपचं आलं. मजकूर तोच राहिला. तेच निळंशार पाणी, तीच पांढरी वाळू, तेच ‘फक्त तुम्ही दोघं’. आता लक्षद्वीप हे काय आहे? ३६ बेटं, त्यांतल्या जेमतेम १० बेटांवर वस्ती, सगळी मिळून क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ६४ हजार. जायला प्रवेशपरवाना लागतो. गोड्या पाण्याची इतकी टंचाई, की कवरत्तीला २००५ साली समुद्राचं पाणी गोड करणारा प्रकल्प उभारावा लागला. आमच्या मराठवाड्याला हे सांगायची गरज नसावी; २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पण एकाही यादीनं विचारलं नाही, की उद्या सगळे तिकडं गेले तर ते आंघोळ कशानं करतील.

भूताननं हा प्रश्न स्वतःच विचारला आणि उत्तरही स्वतःच्या पद्धतीनं दिलं. तिथं पर्यटकाला दर रात्रीमागं शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं : परदेशी पाहुण्यांना सप्टेंबर २०२२मध्ये २०० डॉलर, वर्षभरानं ते १०० वर आणलं, आणि भारतीयांना १,२०० रुपये. हे धोरण गरीब प्रवाशाला दारातच अडवतं, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. पण निदान ते खोटं बोलत नाही. आमच्याकडं येण्याचा आम्हाला खर्च येतो, तो तुम्ही भरा, असं ते तोंडावर सांगतं. यादीतलं ठिकाण कधीच काही मागत नाही. ते फक्त वाट बघत असतं.

*

मराठीत प्रवासाबद्दल असंच लिहिलं जातं का? नाही. निदान जात नव्हतं.

गोडसे भटजी १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून निघाले, ते घरावरचं कर्ज फेडायला. मथुरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं ऐकलं होतं. वाटेत बंड पेटलं. झाशी लुटली गेली तेव्हा ते झाशीत होते. मिळवलेलं बरंचसं लुटलं गेलं आणि ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन घरी परतले. १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी छापलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये किती मिळालं, किती गेलं, कुठं उपास घडला, कुठं भीती वाटली, सगळं आहे. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत पोचल्या त्या आनंदीबाई जोशींना डॉक्टर होताना बघायला. तिथं दोन वर्षांहून जास्त राहिल्या आणि १८८९मध्ये त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात ‘लोकस्थिति’ हा शब्द आधी आहे, ‘प्रवासवृत्त’ नंतर. आधी तिथली माणसं कशी जगतात ते, मग मी कशी गेले ते. पु. ल. देशपांडे बीबीसीत दूरचित्रवाणी शिकायला गेले, त्यातून १९६० साली ‘अपूर्वाई’ आलं. त्यात हसं होतं ते बहुतेक स्वतः पुलंचंच. मीना प्रभू पेशानं भूलतज्ज्ञ डॉक्टर. लंडनमध्ये राहून त्यांनी एकेका देशाचं पुस्तक केलं, गृहपाठ करून, पायाला भिंगरी लावून.

ही परंपरा डोक्यावर घेऊन नाचावं असं मला म्हणायचं नाही. तिच्यातही मोठी गाळलेली जागा आहे. ती बहुतेक मुंबई-पुण्याच्या शिकलेल्या माणसांची परंपरा आहे. परभणी-हिंगोलीचा माणूस तिच्यात सहसा खिडकीतून दिसणाऱ्या स्टेशनापुरता. तरीही एक गोष्ट या सगळ्यांत आहे आणि यादीत नाही : जाण्याला कारण आहे. कर्ज, शिक्षण, कुतूहल, काहीही. कारण असलं की माणूस तिथं काही तरी शोधतो. शोधायला लागला की त्याला दुसरी माणसं दिसतात.

मधल्या काळात सहल कंपन्या आल्या. केसरी टूर्स १९८४ साली सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ साली. स्वित्झर्लंडच्या बर्फात पुरणपोळी खाणाऱ्या मराठी माणसाची खूप टिंगल झाली. मीही केली आहे. आता ती मागं घेतो. ज्यांच्या घरात आधी कुणीही विमानात बसलं नव्हतं, ज्यांना इंग्रजीची धास्ती होती, त्यांना त्या पोळीनं आणि पन्नास जणांच्या घोळक्यानं जग बघायचा धीर दिला. त्या जाहिरातीत ‘आपण’ होतो. ‘आपली माणसं, आपलं जेवण, आपला टूर लीडर.’ आजच्या यादीतला शब्द आहे ‘प्रायव्हेट’. प्रायव्हेट बीच, प्रायव्हेट पूल, प्रायव्हेट व्हिला. कुणापासून प्रायव्हेट? जरा विचार केला तर लक्षात येतं : आपल्यासारख्यांपासूनच.

*

आता त्या वाक्यांतला गायब झालेला कर्ता शोधू.

मालदीवमध्ये पहिलं रिसॉर्ट १९७२ साली उघडलं. तेव्हापासून तिथली रीत म्हणजे एक बेट, एक रिसॉर्ट. स्थानिक माणसं एका बेटावर, पाहुणे दुसऱ्यावर. रिसॉर्टात काम करणाऱ्यांत बांगलादेशी आहेत, श्रीलंकेचे आहेत, आपले भारतीयही खूप आहेत. पाहुण्याला ते दिसतात ते पेला पुढं करणारे हात म्हणून, नाही तर संध्याकाळी परत आल्यावर चादरीवर टॉवेलचा हंस करून ठेवलेला असतो, तेवढ्यापुरते. अँटिगाच्या लेखिका जमैका किंकेड यांनी १९८८ साली ‘अ स्मॉल प्लेस’ या छोट्याशा पुस्तकात पर्यटकाला थेट ‘तुम्ही’ म्हणून गाठलं आणि त्या निळ्या पाण्याच्या पलीकडं गाव कसं जगतं ते ऐकवलं. यादीही ‘तुम्ही’ म्हणते, किंकेडही ‘तुम्ही’ म्हणतात. एक गोंजारते, दुसरी खांदा धरून वळवते.

मला मात्र हे समजून घ्यायला अँटिगाला जायची गरज पडली नाही. गंगाखेड पुरे होतं. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव, आमच्याच जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी. लहानपणी ती तिथून पंढरपूरला गेली आणि नामदेवांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, झाडलोट, शेण्या. तिच्या अभंगांत ही कामं एकेक करून येतात, आणि विठ्ठल तिच्या जोडीला बसून दळू लागतो. तिच्या कवितेत काम नाहीसं होत नाही. देवाला त्यात हातभार लावावा लागतो. रिसॉर्टात उलटं घडतं. तिथं काम असं लपवलेलं असतं, की देवानंच करून ठेवलं असावं. जनाबाईच्या गावात वाढलेल्या माणसाला ते खटकायला हवं. खटकत नसेल तर आपण तिला नुसतं आरतीपुरतं ठेवलं आहे.

याच गंगाखेड-पालम-सोनपेठच्या पट्ट्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. पाच-सहा महिने कोपीत राहायचं. कुठं जायचं हे मुकादमाच्या उचलीवर ठरतं. हाही परगावी जाणंच आहे, पण ‘डेस्टिनेशन’ हा शब्द त्याला कुणी लावत नाही. याचा अर्थ मावसभावानं फिरायला जाऊ नये असा मुळीच नाही. पण ‘जगभर कुठंही जा, निवड तुमची’ हे वाक्य याच जिल्ह्यात, एकाच हंगामात, दोन घरांत वाचून बघावं. दुसऱ्या घरात ते चेष्टेसारखं वाटतं.

*

इथं एक वाट फार सोपी आहे आणि ती मला घ्यायची नाही. ती अशी : ‘बाली काय नि मालदीव काय, आधी आपलं चारठाणा बघा.’ चारठाणा जिंतूर तालुक्यात आहे, तिथली जुनी मंदिरं आणि दगडी मानस्तंभ खरोखर बघण्यासारखे आहेत. सेलू तालुक्यात वालूरला चक्राकार बारव आहे. पायऱ्या गोल वळत वळत पाण्यापर्यंत उतरतात. ती गाळानं भरली होती, गावकऱ्यांनी उपसून मोकळी केली. पण ‘आधी आपलं बघा’ हा उपदेश बहुधा परदेश बघून आलेली माणसं करतात. ४४ अंशांत वाढलेल्या पोरीला एकदा बर्फात पाय घालावासा वाटला, तर तो दिखावा कसा? ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना गाव सोडायचं कारण फक्त दुष्काळ किंवा काम होतं, त्यांनी मजेसाठी गाव सोडणं ही साधी गोष्ट नाही. तिचा मान ठेवला पाहिजे.

शिवाय यादीची भाषा वालूरलाही सोडत नाही. आता बारवांचेही रील येतात : ड्रोन, संथ संगीत आणि वर ‘हिडन जेम’. हिडन कुणापासून? गावाला ती माहीत होतीच. गाळ त्यांनीच काढला. ज्या भाषेत मालदीवचा वेटर गायब होतो, त्याच भाषेत वालूरचा खोरं चालवणारा माणूसही गायब होतो. म्हणजे प्रश्न परदेश की देश हा नाही. तुम्ही कुठंही जा, पण जी भाषा तुम्हाला तिथं पाठवते, तिला चार प्रश्न विचारून जा.

ठिकाणाचं नाव झाकलं तर हे कुठलं आहे ते ओळखू येतं का? इथं काम कोण करतं, ते या मजकुरात दिसतं का? परभणी स्टेशनवरून निघालो तर तिथं कसं पोचायचं आणि ‘पासून’चा ‘पर्यंत’ कुठं आहे, हे सांगितलंय का? आणि शेवटचा, गोडसे भटजींचा : मी का चाललोय? ‘सगळे जातात म्हणून’ हेही उत्तर चालेल. फक्त ते स्वतःला ऐकू येईल असं म्हणावं.

मावसभावानं यातलं काहीही ऐकून घेतलं नाही. त्यानं बाली घेतलं, कारण हप्ता बसत होता. ‘बनी तो बनी, नाही तर बाली’, असं म्हणून हसलासुद्धा.

दहा दिवसांनी परत आला. आम्ही सगळे जमलो, फोन टीव्हीला जोडला. व्हिलाचे, पाण्यात तरंगत्या नाश्त्याचे फोटो त्यानं भराभर सरकवले. ते सगळ्यांनी आधीच बघितल्यासारखे होते. मग एका फोटोवर तो स्वतःच थांबला. दुकानाच्या उंबऱ्यापुढं जमिनीवर ठेवलेली, नारळाच्या पानाची तळहाताएवढी चौकोनी द्रोणी. आत फुलं, जरासा भात, वर उदबत्ती. ‘‘हे तिथं रोज ठेवतात,’’ तो सांगायला लागला. ‘‘प्रत्येक दारात, दुकानात, अगदी टॅक्सीच्या डॅशबोर्डवर. बायका घरी करतात. आमच्या हॉटेलातली एक बाई पहाटे पाचला ठेवायची. मला झोप येत नव्हती तर मी तिच्याकडं बघत बसायचो. दुपारपर्यंत लोकांच्या पायाखाली येऊन चुरा होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी.’’

दहा दिवसांत ती एकच गोष्ट त्यानं यादीत न वाचता पाहिली होती. ती सांगताना त्याचा आवाजही वेगळा लागला.

मावशी इतका वेळ शेंगा सोलत ऐकत होती. तिनं चष्मा वर करून टीव्हीकडं नीट बघितलं.

‘‘अन् ते रोजचं झाडतंय कोण?’’ तिनं विचारलं.

त्यानं फोन हातात घेतला, मागचे-पुढचे फोटो सरकवून पाहिले. त्यांत कुणी नव्हतं.